पर्म, रोलर, टाँग की गंगावन? पातळ केसांसाठी बडोद्यातला हिशेब

श्रावण उतरणीला लागला की पार्लरमध्ये एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी यायला लागतो. विद्यापीठात शिकणारी मुलगी म्हणते, ‘नवरात्रीत केस मोकळे सोडायचेत, पण माझे मेले डोक्याला चिकटूनच बसतात.’ कारेलीबागेतल्या काकू म्हणतात, ‘तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य आहे गं, तोवर जरा भरल्यासारखे दिसायला हवेत.’ दोघींना हवं ते एकच: मुळाशी उचल आणि खाली थोडी लाट. तरी दोघींना एकच उत्तर दिलं, तर एकीचे पैसे पाण्यात जाणार हे ठरलेलं.

पर्याय तसे मोजकेच आहेत. नीट कट, रोलर, टाँग (केस वळवायची तापती नळी), रात्रीची वेणी, पर्म (रसायनानं पाडलेली टिकाऊ लाट) आणि वरून जोडायचे केस. बाकी रेटकार्डावर जे चकाकतं ती बहुतेक यांचीच नवी नावं. माझा कल आधीच सांगून टाकते. पातळ केसांना कात्री आणि रोलर सर्वात मानवतात, टाँग सणावारी चालतो, आणि पर्मचं विचारायला येणाऱ्या बहुतेकींना मी चहा पाजून परत पाठवते. का, ते पुढे येईलच.

आधी बोटांनी बघा

कंगव्यात आलेला एक केस अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून घोळवा. बोटांना काहीच कळलं नाही तर केस पातळ, दोऱ्यासारखा लागला तर जाड. मापात सांगायचं तर पातळ केस साधारण ०.०६ मिलिमीटरच्या आत असतो आणि जाड केस ०.०८ च्या वर जातो. मग खिडकीपाशी उभं राहून भांग बघा. भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू झळकत असेल तर केस विरळ आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि इथंच अर्धा निकाल लागतो.

पातळ पण भरपूर केस असलेल्या बाईचं खरं दुखणं तेलकटपणा. प्रत्येक मुळाशी तेलाची ग्रंथी असते, आणि केस बारीक असला की ते तेल त्याला लवकर माखतं. सकाळी धुतलेले केस संध्याकाळी चापून बसतात ते त्यामुळं. विरळ पण जाड केसांना तेलाचा तेवढा त्रास नाही. तिथं लाटेचं काम टाळू झाकण्याचं. आणि पातळही, विरळही असतील, तर रसायनांच्या वाटेला जाऊच नका. तुमच्यासाठी कात्री, रोलर आणि जोडकेस एवढेच तीन पर्याय उरतात, आणि ते पुरतात.

एक मात्र पार्लरच्या आधी. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन यांतून उठल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळायला लागतात. बडोद्यात पावसाळी तापाच्या साथी येऊन गेल्या की दिवाळीच्या सुमाराला अशा बायका हमखास येतात, डोळ्यांत पाणी घेऊन. हे गळणं बहुधा आपोआप थांबतं आणि केस परत येतात. रोज ५० ते १०० केस तर कुणाचेही जातात. पण गळण्याचा धडाका दिसत नसताना भांग वर्षागणिक रुंद होत चालला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड बघतील आणि गरज वाटली तर मिनॉक्सिडिलसारखं औषध देतील. त्याचा गुण दिसायला चार-सहा महिने लागतात आणि सुरुवातीला गळणं थोडं वाढतंसुद्धा, म्हणून घाबरून मध्येच सोडू नका. हे काम माझ्या हातचं नाही. मी फक्त आहेत ते केस उचलून दाखवू शकते.

धुणं: तेल, शिकेकाई, शाम्पू आणि बोअरचं पाणी

रावपुरा, दांडिया बाजार या जुन्या भागात महापालिकेचं पाणी येतं. शहराला मही नदीचं आणि आजव्याच्या तलावाचं पाणी मिळतं. आजवा सयाजीराव महाराजांच्या काळचा, १८९२ सालचा. शहराच्या कडेला झालेल्या कित्येक नव्या सोसायट्यांत मात्र बोअरचं पाणी आहे, आणि ते जड. अशा पाण्यातला कॅल्शियम केसावर बसतो. केस राठ होतात, चमक जाते, आणि निर्जीव हा शब्द तिथूनच तोंडात येतो. साबणानं केस धुणाऱ्यांना हे जास्त जाणवतं, कारण साबण आणि जड पाणी मिळून चिकट साका तयार होतो. शाम्पूचा तसा होत नाही. आठवड्यातून एकदा शेवटचा तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या, फरक हाताला लागेल.

शिकेकाई की शाम्पू या वादात मी पातळ केसांपुरती शाम्पूच्या बाजूची. शिकेकाई सौम्य आहे हे खरं, पण तिची भुकटी पातळ केसांतून पूर्ण निघत नाही आणि आदल्या दिवशीचं तेलही ती सगळं काढत नाही. परिणाम: स्वच्छ पण जड डोकं. रिठे घातले तर तेल निघतं, वर केस कोरडेही होतात. साधा, पारदर्शक दिसणारा शाम्पू घ्या. दुधासारखा दाट, ‘रेशमी मुलायम’ असं लिहिलेला घेऊ नका, कारण त्यातली सिलिकॉनं केसावर थर देऊन त्याला खाली बसवतात. कंडिशनर कानाच्या खालीच, टाळूला कधीच नाही.

तेलाबद्दल घरोघरी सासू-सुनांचे दोन पक्ष असतात. खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, हा त्याचा खरा गुण. तो मिळवायला धुण्याच्या आदल्या रात्री चमचाभर तेल, तेही लांबीला, पुरे. धुतल्यानंतर ‘थोडंसं’ तेल चोपडणाऱ्यांनी फुग्याची आशा त्या दिवसापुरती सोडावी.

कमरेपर्यंतचा शेपटा की खांद्यापर्यंतचा कट

इथं घरातली माणसं मध्ये येतात. आई म्हणते, एवढे वाढवले ते कापायचे का? पण लांब केसाचं वजन मुळालाच ओढतं. कमरेपर्यंत पोचलेली वेणी शेवटी उंदराची शेपटी होत असेल, तर ती शेवटची वीतभर लांबी डोक्यावरचा फुगा खाऊन जगते आहे. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. कापलेली वीत परत यायला दीड-दोन वर्षं लागतील, तेव्हा विचार करून कापा, पण कापा.

गळ्याच्या हाडापासून हनुवटीपर्यंत कुठलीही लांबी पातळ केसांना शोभते. खालची कड सरळ, भरीव ठेवायला सांगा. लेयर मागायच्या असतील तर दोन-तीनच, तेही लांब. पार्लरमध्ये ‘व्हॉल्यूम हवाय’ म्हटलं की पुष्कळ जणी भराभर लेयर पाडत जातात. जाड केसांना ते ठीक, पातळ केसांच्या मात्र खाली झिपऱ्या होतात. वस्तऱ्यानं टोकं पातळ करू देऊ नका. भांगही बदलून बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेला भांग अर्धा इंच सरकवला, की तिथले केस काही दिवस तरी उभे राहतात. फुकटचा उपाय आहे.

फुगा हवा आणि लाटेचा हट्ट नसेल, तर इथंच थांबायला हरकत नाही.

रोलर की टाँग

दोन्हींचं काम समजून घेतलं की निवड सोपी होते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याचा आकार दोन तऱ्हेच्या बंधांनी टिकतो. एक कच्चे, पाणी लागलं की सुटणारे आणि वाळताना पुन्हा बसणारे. दुसरे पक्के, गंधकाचे, जे रसायनाशिवाय हलत नाहीत. रोलर आणि टाँग दोन्ही फक्त कच्च्या बंधांशी खेळतात. म्हणून दोन्हींची लाट इस्त्रीच्या घडीसारखी असते: कोरड्या हवेत ताठ, दमट हवेत मोडणारी. बडोद्यात पौष-माघात तीच लाट दुसऱ्या दिवसापर्यंत जाते आणि भाद्रपदात आरतीपर्यंतसुद्धा टिकत नाही, त्यात तुमचा किंवा पार्लरवालीचा दोष नसतो.

टाँगची बाजू आधी. झटपट होतो, आकार नेमका येतो, लांब केसांनाही चालतो. पण पातळ केसाला १५० अंशांच्या वर तापमान नकोच, आणि स्वस्तातल्या टाँगना तापमानाची चकती नसते. चालू-बंद एवढंच बटण असलेला टाँग फुकट मिळाला तरी घेऊ नका. केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसाला तापलेली नळी लावली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बारीक बुडबुडे पडतात, आणि तो तिथंच तुटतो. चर्र असा आवाज आला तर समजा, झालं. नळी जाडी नको. मोठ्या लाटेसाठी मोठी नळी हे जाड केसांचं गणित आहे. पातळ केस सैल पडणारच असतात, म्हणून १९ ते २५ मिलिमीटरची नळी घेऊन आधी घट्ट वळवायचं. बट सोडल्यावर ती तळहातावर गुंडाळी करून क्लिपनं डोक्याला लावून ठेवा आणि गार झाल्यावरच सोडा. हे शेवटचं काम कुणी करत नाही आणि मग ‘माझ्या केसांत कर्ल राहतच नाही’ म्हणतात. लाट गार होताना बसते.

आता रोलर. मला ते आवडतात, तेव्हा थोडं सविस्तर सांगते.

वेल्क्रोचे रोलर मंगळबाजारात सहज मिळतात, टाँगच्या किमतीच्या एका अंशात. खांद्यापर्यंतच्या केसांना ३२ आणि ४० मिलिमीटरचे मिळून आठ-दहा पुरतात. केस धुऊन, जुन्या सुती पंचानं टिपून, ऐंशी टक्के वाळू द्या. म्हणजे हाताला गार लागतात, पण पाणी येत नाही इतपत. मग लिंबाएवढा मूस, म्हणजे केसांना लावायचा फेस, तळहातांवर पसरून मुळांना लावा, टोकांना नाही. मूसमधलं पॉलिमर केसावर पातळ पापुद्रा धरतं आणि तोच पातळ केसाचा टेकू असतो.

कपाळापासून मानेकडे जाणारी मधली पट्टी आधी घ्यायची. रोलरच्या रुंदीएवढीच बट उचला, जास्त नाही. ती सरळ वर धरून आणखी थोडी पुढं, चेहऱ्याकडं ओढा. केस मुळापाशी मागे दुमडल्यासारखे वाटले पाहिजेत. टोक बोटांनी सपाट करून रोलरवर बसवा, कारण तिथं दुमड पडली तर शेवटी ती आकड्यासारखी बाहेर दिसते. मग न सोडता मुळापर्यंत गुंडाळत आणा. रोलर आपल्याच बटेच्या मुळावर बसला पाहिजे, तिच्या मागे घरंगळलेला नको. घरंगळला तर लाट येईल, उचल येणार नाही. मधल्या पट्टीत चार किंवा पाच, बाजूंना दोन-दोन. ड्रायरचा गरम वारा थोडा वेळ, मग गार वारा, आणि मग साड्यांना पिना लावा, डबे भरा, काय हवं ते करा. पूर्ण वाळून गार झाल्याशिवाय काढायचे नाहीत. काढताना ओढू नका, उलट उलगडा. नंतर कंगवा नाही, फक्त बोटं.

ओल्यापासून वाळवत आणलेली ही लाट कोरड्या केसावर टाँगनं पाडलेल्या लाटेपेक्षा जास्त तग धरते, आणि मुळाची उचल तर टाँगला जमतच नाही. तोटाही सांगते. केस खांद्याखाली बरेच उतरत असतील तर वेल्क्रो त्यांत अडकतो आणि सोडवताना दहा-वीस केसांचा बळी घेतो. तसे केस असतील तर स्पंजचे रोलर घ्या. त्यांची पकड कमी, पण ते गुंतत नाहीत. शिवाय सगळ्याला तास-दीड तास जातो, सकाळी साडेनऊला कचेरीत पोचणाऱ्या बाईला रोज शक्य नाही. तिनं फक्त मधल्या पट्टीचे चार रोलर लावून चहा, आंघोळ, डबा उरकावा. पुढून बघणाऱ्याला तेवढंच दिसतं.

मोकळ्या केसांनी गरबा? मैदानावर दोन-तीन तास फेर धरल्यावर घाम मुळातूनच येतो, आणि घाम म्हणजे पाणी. कच्चे बंध पहिल्या तासात सुटतात. स्प्रेचा अख्खा डबा मारला तरी सुटतात, वर चिकट होतात. त्या रात्री टाळूवरचे केस उलटे विंचरून थोडा पफ काढा, मागे वेणी किंवा अंबाडा घाला, आणि लाट फक्त कपाळावरच्या दोन बटांना द्या. फोटो गरब्याआधी काढून घ्या.

रात्रीची वेणी

खर्च शून्य, उष्णता शून्य. ओलसर केसांच्या चार-पाच वेण्या घालून झोपलं की सकाळी लाटा तयार. पण पातळ केसांना यात एक खोट आहे: वेणी मुळाशी केस चापून टाकते. लाट कानाखाली सुरू होते आणि वर डोकं सपाट, म्हणजे नेमकं जिथं हवं तिथं काही नाही. त्यापेक्षा सगळे केस पुढं उलटे घेऊन टाळूच्या मधोमध सैल अंबाडा घाला आणि कापडी रबर लावून झोपा. लाट मोठी येते, मुळंही उचललेली राहतात. चिंब ओल्या केसांचं मात्र काही घालू नका. पाऊसकाळात ते सकाळपर्यंत वाळत नाहीत, डोक्याला कुबट वास येतो आणि ओला केस ताणाला कच्चा असतो.

पर्म: एकदा खर्च, महिनोन्‌महिने लाट?

पर्म पक्क्या बंधांना हात घालतो. थायोग्लायकोलेटचं द्रावण ते गंधकाचे बंध तोडतं, केस रॉडवर, म्हणजे छोट्या नळीवर, वळवलेल्या आकारात येतो, आणि नंतरचं न्यूट्रलायझर, म्हणजे पेरॉक्साइड, ते नव्या जागी परत जोडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कार्ल नेस्लरनं हेच काम क्षार आणि विजेवर तापवलेल्या जड रॉडांनी सुरू केलं. बायका तासन्‌तास यंत्राला टांगून बसायच्या. आता यंत्र गेलं, पण केस तोडून जोडायचा हा सौदा तसाच आहे.

विकणारे सांगतात त्यात तथ्य आहे: पर्म झालेला केस थोडा राठ होतो, फुगतो, तेल कमी धरतो, म्हणून पातळ डोकं भरलेलं दिसतं. पहिले दोन महिने खरंच छान जातात. मग मूळ वाढतं. महिन्याला १ सेंटिमीटर सरळ, चपटा केस डोक्यातून बाहेर येतो आणि लाट खाली खाली सरकते. चौथ्या महिन्यात टाळूवर सपाट आणि खाली कुरळ्यांचा झुबका. जाड केसांत हे लपतं, पातळ केसांत दुरून दिसतं. वाढलेल्या मुळांचा पुन्हा पर्म करताना द्रावण जुन्या भागाला लागलं की तिथं केस तुटतात. म्हणून मी परत पाठवते. रसायनाची भीती हे कारण दुसरं.

तरीही करायचाच असेल, तर दोन प्रकारांतून निवडावं लागतं. डिजिटल पर्ममध्ये तापणारे रॉड असतात, ते टाळूपासून लांब ठेवावे लागतात, म्हणून लाट मधूनच सुरू होते. वाळल्यावर ती सुरेख दिसते, पण मुळाला उचल नाही. जुना थंड पर्म मुळापर्यंत जातो. मोठे रॉड आणि सौम्य, आम्लधर्मी द्रावण वापरलं तर पातळ केसांना तोच त्यातल्या त्यात बरा. अडचण ही की आपल्याकडे जिकडे तिकडे स्मूदनिंग आणि केराटिनच्या, म्हणजे केस सपाट-चमकदार करून देण्याच्या, पाट्या आहेत, पर्मचा हात असलेली माणसं थोडी. विचारा, याआधी पातळ केसांवर केलाय का, कधी केलाय, फोटो दाखवा. आणि चाचणीची बट केल्याशिवाय खुर्चीत बसू नका. जाणती पार्लरवाली मध्येच एक रॉड दीड वेढा उलगडून बट हलकेच टाळूकडं ढकलते. इंग्रजी एससारखं वळण स्पष्ट पडलं की द्रावण तिथंच धुवायचं. पातळ केसात ते लवकर पडतं. घड्याळ बघून पाकिटावरची मिनिटं पुरी करणारीच्या हातात पातळ केस देऊ नयेत.

मेंदीचं तर आधीच सांगा, लपवू नका. शुद्ध मेंदी केसावर थर देते. त्यानं केस भरल्यासारखा लागतो, पातळ केसांना ती एरवी मानवते. पण त्या थरावर पर्म कुठं बसतो, कुठं बसत नाही. काही तयार काळ्या मिश्रणांत धातूचे क्षार असतात, आणि ते पेरॉक्साइडला भेटले की केस तापतो, रंग बदलतो, कधी कधी विरघळल्यासारखा होतो. ‘काळी मेंदी’ लावत असाल तर पार्लरनं तुमचे चार केस अमोनियाचे थेंब घातलेल्या पेरॉक्साइडमध्ये अर्धा तास ठेवून बघितले पाहिजेत. फेस आला किंवा भांडं कोमट झालं तर पर्म नाही, विषय संपला. स्मूदनिंग झालेल्या केसांवरही पर्म नाही.

घरी करायची एक सोपी परीक्षा: ओला केस दोन्ही हातांनी हळू ताणा. ताणून परत आखडला तर केसात दम आहे. च्युइंगमसारखा लांबत गेला किंवा पटकन तुटला, तर त्याला सध्या काहीही करू नका. पेल्यातल्या पाण्यात केस बुडतो की तरंगतो, या व्हिडिओतल्या परीक्षेवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. केसावर तेल किती आहे एवढंच त्यावरून कळतं.

स्मूदनिंग आणि केराटिन

पातळ केसांच्या बायका हे का करून घेतात हे मला सुटलेलं कोडं नाही. चमक येते, गुंता जातो, हे खरं. पण केस आणखी सपाट होतो. फुगा हवा असेल तर ही उलटी वाट आहे. शिवाय यांतल्या बऱ्याच द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ येते. डोळे चुरचुरायला लागले तर खुर्चीतून उठायचा तुम्हाला हक्क आहे.

गंगावन की क्लिपा

आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. वेणी बारीक असेल तर तिच्यात गंगावन गुंफायचं, वर गजरा माळायचा. आजही नऊवारीवर किंवा चणिया-चोळीवर लांब वेणी हवी असेल, तर गंगावनासारखं स्वस्त आणि निर्धोक काही नाही. त्याला मोकळ्या केसांचं काम मात्र जमत नाही. तिथं क्लिपांचे पट्टे लागतात, आणि भांग रुंद झालेल्या बायकांना टाळूवर बसणारा टॉपर.

कृत्रिम केस स्वस्त, पण त्यांना टाँग लावला की वितळतात. लाट हवी असेल तर लाटेसकटच घ्या. खऱ्या केसांना तुमच्या केसांसारखंच वळवता येतं. त्यांच्या किमती ऐकून लोक दचकतात. तिरुपतीला वाहिलेले केस देवस्थान लिलावात विकतं आणि भारत खऱ्या केसांचा मोठा निर्यातदार आहे, तरी चांगला पट्टा आपल्यालाही महागच पडतो. एका लग्नासाठी विकत घेऊ नका. नवरीची तयारी करणाऱ्यांकडे असतात, आधी सांगितलं तर त्या आणतात.

पातळ केसांवरून क्लिप घसरते. जिथं क्लिप लावायची तिथं मुळापाशी दोन-तीन वेळा उलटं विंचरा, किंचित स्प्रे मारा आणि मग दाबा. पट्टे मागच्या भागात कानांच्या रेषेखाली जास्त आणि वर कमी. टाळूजवळ नेले तर क्लिपचा उंचवटा दिसतो. रोज आठ-आठ तास लावले तर ओढीनं मुळं कायमची सैल होऊ शकतात, म्हणून कार्यापुरतेच. गोंदानं किंवा गाठीनं महिनोन्‌महिने चिकटवायचे प्रकार पातळ केसांनी टाळावेत. एका बारीक केसाच्या गळ्यात दहा केसांचं ओझं कशाला?

घ्यायला जाताना दुपारच्या उजेडात जा आणि पट्टा दुकानाबाहेर आणून आपल्या केसांच्या टोकांशी जुळवा, मुळांशी नाही. ट्यूबलाइटखाली गडद तपकिरी आणि काळा एकच दिसतो. मेंदी लावलेले केस तर उन्हात तांबूस मारतात, तेव्हा निव्वळ काळा पट्टा वेगळा उठून दिसेल. शंका असेल तर अर्धी छटा फिकट घ्या, वरून तुमचेच केस येतात आणि ते झाकलं जातं.